कायदा आहे, पण कामाची वाटणी बघा

एकांनी विचारलंय, समान वेतनाचा कायदा 1976 पासून आहे, मग बाई-पुरुषांच्या मजुरीत तफावत उरतेच कशी? अहो, कायदा सारख्या कामाला सारखा मोबदला द्या म्हणतो. शिवारात कामच आधी वेगळं पाडलेलं असतं. फवारणी, नांगरट पुरुषांची; खुरपणी बायकांची आणि तिचा रोज कमी. दिवसभर उन्हात उकिडवं बसायचं, तरी ते ‘हलकं’ काम! कुणी ठरवलं, देव जाणे.

ऊसतोडीत तर आणखी गंमत. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. तो ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते. पैसे टनावर, आणि मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवराच घेतो. तिची वेगळी मजुरी कागदावर येतच नाही, मग तफावत मोजणार कशाची? त्यात खाडा झाला की दंड, मग पाळी असो की आजारपण. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, तो याच बायकांचा.

तफावतीचं एक कारण सांगतात, ‘बायका पगारवाढ मागायला कचरतात’. ते शहरातल्या ऑफिसांत लागू पडत असेल. इथे उचलीचा व्यवहार ठरतो तेव्हा ती बहुतेकदा समोर नसतेच.