दक्षिण आफ्रिकेत माणसाचा वंश कायद्याने कसा ठरवला जात असे?

प्रश्न:
मी शाळेत इतिहास शिकवते. वर्णभेदाविषयी बोलताना वेगळी बाके, वेगळे समुद्रकिनारे ही उदाहरणे मी दिली, तेव्हा एका मुलीने विचारले, की अमुक माणूस गोरा आहे की नाही हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? मला नीट उत्तर देता आले नाही. शिवाय १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर येण्यापूर्वीही तेथे भेदभाव होताच. मग त्या पक्षाच्या कायद्यांनी नवे काय केले, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या वर्मावर बोट ठेवले आहे. बाकीचे बहुतेक कायदे ज्याच्या आधाराने चालत, तो १९५० चा लोकसंख्या नोंदणी कायदा होय. त्यातील व्याख्येनुसार, जो दिसायला उघडच गोरा आहे किंवा ज्याला सर्वसाधारणपणे गोरा मानले जाते तो गोरा. मात्र दिसायला गोरा असूनही ज्याला लोक मिश्रवर्णीय मानतात, तो नव्हे. म्हणजे सगळी भिस्त रूपावर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मतावर. शंका आली तर केसांत पेन्सिल खोचून पाहत. ती खाली पडली तर गोरा, अडकली तर नाही. ही चाचणी कायद्यात लिहिलेली नव्हती, तरी अशा निकषांवर एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या वर्गांत नोंदली गेली.

१९४८ पूर्वीचा अन्याय मुळीच सौम्य नव्हता. १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य आफ्रिकी जनतेसाठी देशाची जेमतेम ७ टक्के जमीन राखली होती. नवे हे, की आता प्रत्येकाच्या नावापुढे सरकारदरबारी वंश नोंदला गेला आणि घर कोठे घ्यायचे, लग्न कोणाशी करायचे, मुलांनी कोणत्या शाळेत जायचे, हे त्या एका नोंदीवरून ठरू लागले.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. पासचा कायदा याहून वेगळा होता का?

उत्तर २:
होय, आणि माझ्या मते रोजच्या जगण्यात सर्वांत जाचक तोच होता. १९५२ च्या कायद्याने सोळा वर्षांवरील आफ्रिकी पुरुषांना, आणि पुढे स्त्रियांनाही, एक पुस्तिका (हाच पास) सतत जवळ बाळगण्याची सक्ती झाली. लोक तिला तिरस्काराने ‘डोमपास’ (मूर्ख पास) म्हणत. तिच्यात फोटो, कर भरल्याची नोंद आणि दरमहा मालकाची सही असे. शहरात ७२ तासांहून अधिक राहण्याचा हक्क तेथेच जन्मून वाढलेल्याला, एकाच मालकाकडे सलग १० वर्षे राबलेल्याला किंवा १५ वर्षे सलग व कायदेशीर वास्तव्य असलेल्याला मिळे. इतरांना परवाना लागे. नवव्या वर्षी मालकाने काढून टाकले, तर त्या १० वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून!

९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे २०,००० स्त्रिया याविरुद्ध प्रिटोरियातील सरकारी कचेरीवर चालून गेल्या. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासविरोधी जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात ६९ जण मारले गेले. तरीही पासचे कायदे १९८६ पर्यंत टिकले.

उत्तर ३:
भारतीय वंशाचे लोकही यातून सुटले नाहीत. त्यांच्या जमीनखरेदीवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यामुळे भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. पुढे कोणत्या वंशाने कोणत्या भागात राहायचे हे ठरवणाऱ्या समूह क्षेत्र कायद्याखाली जोहान्सबर्गमधील अनेक भारतीय कुटुंबांना शहराबाहेर दूर लेनेशियाला हलवले गेले.

विद्यार्थिनीला काही दाखवायचे असल्यास केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयाची छायाचित्रे दाखवावीत. डिस्ट्रिक्ट सिक्स ही तिथली वस्ती १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि सुमारे ६०,००० रहिवाशांना उठवून घरे पाडली गेली. संग्रहालयाच्या फरशीवर त्या वस्तीचा मोठा नकाशा आहे, आणि आपले घर कोणत्या गल्लीत होते ते तिथल्या जुन्या रहिवाशांनी त्यावर स्वतःच्या हाताने लिहिले आहे.