श्रुतिका ऐकून घरातलं बोलणं बदलतं का? सातारा-सांगलीकरांनो, मत सांगा

म्हसवडची लेक

आमच्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' हा सामुदायिक रेडिओ 2008 पासून चालतोय. सांगलीला आकाशवाणी आहे. या दोन्हींवर आपल्या बोलीतली, वर्षभर चालणारी श्रुतिकांची, म्हणजे रेडिओवरच्या नाटकांची, मालिका व्हावी असं मला फार वाटतं. पाळणा लांबवणं, पोरीचं लवकर लग्न, वंशाच्या दिव्याचा हट्ट, आणि ऑपरेशन दर वेळी बाईनंच का करायचं, हे सगळं त्यात यावं.

ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्हा परिषदेनं 285 मुलींची नावं बदलली. मुलगी नको होती म्हणून घरच्यांनी त्यांचं नावच 'नकोशी' ठेवलं होतं. फार मोलाचं काम झालं ते. पण नाव एका दिवसात बदलतं. ते ठेवणाऱ्या घरातलं बोलणं बदलायला वर्षं लागतात.

या मालिकांची एक पद्धत आहे. मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी 1977 मध्ये कुटुंब नियोजनावर टीव्ही मालिका केली, तेव्हापासून ती रूढ झाली. एक पात्र भल्या वाटेचं, एक वाईट वाटेचं, आणि तिसरं दोन्हींच्या मधे अडकलेलं, चुकतमाकत शिकणारं. ऐकणारी बाई त्या तिसरीचा हात धरून चालते. भाषणात ही तिसरी कधी नसतेच.

तासगावकर

ताई, तळमळ समजते, पण मला हे पटत नाही. मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला 19 स्त्रीभ्रूण सापडले. तिथं अडलं होतं ते माहितीवाचून का? गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा 1994 चा आहे, तो काय म्हणतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या सांगलीत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली 2001 ला 851 होत्या, 2011 ला 867. हुंडा द्यावा लागतो, जमीन मुलाच्या नावावर जाते, म्हातारपणी मुलाकडेच राहायचं असतं. हे हिशेब जोवर तसेच आहेत, तोवर नाटकातल्या संवादांनी काय हलणार? तो पैसा सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीवर घाला.

म्हसवडची लेक

दादा, तपासणी हवीच, त्यात वाद नाही. पण तुम्ही म्हणता तो हुंड्याचा हिशेबही माणसंच मांडतात ना? 1996-97 मध्ये आकाशवाणीवर 'तिनका तिनका सुख' ही 104 भागांची हिंदी मालिका होती. हुंड्याच्या छळानं त्यातली पूनम जीव देते. ते ऐकून उत्तर प्रदेशातल्या लुटसान गावानं हुंडा देणार-घेणार नाही असं पत्र लिहिलं, त्यावर 184 सह्या होत्या. सगळ्यांनी ते पाळलं असेल असं मी म्हणत नाही. पण चारचौघांत सही करायची म्हणजे आधी ओट्यावर, चहाच्या टपरीवर त्यावर बोलणं झालेलं असतं. मला ते बोलणंच हवंय.

मिरजकर काका

मी आणीबाणीतली नसबंदी पाहिली आहे. तेव्हाही सगळं 'तुमच्या भल्यासाठी'च होतं. म्हणून मला पहिला प्रश्न पडतो, ही मालिका लिहिणार कोण आणि पैसे देणार कोण? दोन मुलं झालेली बाई शहाणी आणि चार झालेली मूर्ख, असं एकदा का दाखवलं की गोष्ट संपली, प्रचार सुरू झाला. गोष्टीच्या आडून माणसाला वळवणं मला भाषणापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. भाषणात निदान समोरचा काय विकतोय ते दिसतं.

म्हसवडची लेक

काका, तुमची भीती खरी आहे, ती मी मनावर घेतली. चार मुलांच्या आईला हसायचं नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवू.

'परिणाम काय' असं विचारणाऱ्यांसाठी टांझानियाचं सांगते. तिथं 1993 पासून 'ट्वेंडे ना वकाती' ही रेडिओ मालिका लागली. दोडोमा भागात ती तुलनेसाठी 1995 पर्यंत मुद्दाम लावली नव्हती. जिथं ऐकली तिथं गर्भनिरोधक साधनं वापरणारी जोडपी वाढली, दोडोमात तशी वाढली नाहीत. पुढं तिथं लावल्यावर तिथंही वाढली.

जतची आशा

मी आशा सेविका आहे, गावात घरोघरी आरोग्याचं काम करते. एवढा वेळ वाचत होते, आता राहवत नाही. तुम्ही दोघंही अर्धं बोलताय.

तांबी, माला-डीच्या गोळ्या, 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन, सगळं मी दारात जाऊन सांगते. बाई मान हलवते, आणि सासू आली की विषय बंद. नवऱ्याशी बोलायला जावं तर तो उठून गोठ्यात जातो. बिनटाक्याच्या नसबंदीनं ताकद जाते, ऊस तोडता येत नाही, असं पुरुष एकमेकांना सांगतात. ते माझ्या तक्त्यानं पुसलं जात नाही. एखादा ऊसतोड्या रेडिओवर 'मी केली, आणि कोयता अजून हातात आहे' असं म्हणाला तर ते ऐकतील. म्हणून मालिका मला हवी आहे.

पण उपकेंद्रात त्या दिवशी इंजेक्शन शिल्लक नसेल तर? बाई एकदाच धीर करून येते. रिकाम्या हातानं गेली की पुन्हा येत नाही, आणि शिव्या मला खाव्या लागतात. त्यामुळं ज्या आठवड्यात 'अंतरा'चा भाग लावाल, त्याच्या आधी उपकेंद्राला कळवा.

तासगावकर

आशाताई, हे पटलं. तरी रेडिओ ऐकतं कोण, हा प्रश्न राहतोच.

जतची आशा

बागेत द्राक्षाची विरळणी करताना बायका मोबाईलवर गाणी लावतात. हात गुंतलेले, कान मोकळे. तिथं लावा. संध्याकाळी सातला नको, तेव्हा आम्ही चुलीपाशी असतो आणि टीव्हीसमोर सासू असते.