'हार्वेस्ट'ला पाचपैकी अडीच? कशासाठी?

शेवटची_पट्टी

सत्तरच्या दशकातल्या अल्बमांना गुण द्यायच्या धाग्यावर गिरणगाव७१ यांनी कॅनेडियन गायक-गीतकार नील यंगच्या 'हार्वेस्ट'चा निकाल असा लावला: "पाचपैकी अडीच. एक हिट गाणं, दोन गाण्यांवर ऑर्केस्ट्राची साय, बाकी गुळगुळीत. खरा नील यंग 'टुनाइट्स द नाइट'मध्ये." तिथेच उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

हे अडीच कुठून येतात ते मला माहीत आहे. १९७२ साली अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हा, 'हार्ट ऑफ गोल्ड' पहिल्या क्रमांकावर. मग दर्दी माणसाला तो आवडून कसं चालेल? त्यात खुद्द नीलनेच 'डेकेड' या निवडक गाण्यांच्या संग्रहाच्या (१९७७) टिपणात लिहून ठेवलं की या गाण्याने मला रस्त्याच्या मधोमध आणून सोडलं, तिथे कंटाळा आला, म्हणून मी कडेच्या चराकडे वळलो. झालं. तेव्हापासून चरातले तीन अल्बम ('टुनाइट्स द नाइट' त्यातलाच) अस्सल आणि 'हार्वेस्ट' म्हणजे तडजोड, हे पाठच झालंय सगळ्यांना.

तडजोड नेमकी कुठे ऐकू येते ते सांगा. 'आउट ऑन द वीकेंड' लावा. ड्रम किती थोडे आहेत बघा. वाजवणारा केनी बट्री, नॅशव्हिलचा नावाजलेला वादक, डिलनच्या 'ब्लॉंड ऑन ब्लॉंड'वर वाजवलेला. त्याला नीलने सांगितलं की उजवा हात वापरायचा नाही. बट्रीने पुढे सांगितलंय, तो उजव्या हातावर बसून वाजवत होता. रेडिओवर चालावं म्हणून रेकॉर्ड करणारा माणूस एवढ्या तयारीच्या वादकाचे हात बांधत नाही, त्याला मोकळं सोडतो.

दुसरं म्हणजे पाठ. मणक्याच्या दुखण्याने नील त्या काळात पट्टा बांधून होता, १९७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली. जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घालून उभं राहणं जमत नव्हतं. बसून, अकूस्टिकवर, हळू. ज्याला तुम्ही गुळगुळीत म्हणता तो दुखऱ्या शरीराचा आवाज आहे.

आणि 'द नीडल अँड द डॅमेज डन'. हेरॉइनच्या आहारी गेलेला साथीदार गिटारवादक डॅनी व्हिटन याच्यासाठी लिहिलेलं, जानेवारी १९७१ मध्ये लॉस एंजलिसच्या रॉइस हॉलमध्ये श्रोत्यांसमोर रेकॉर्ड झालेलं. व्हिटन तेव्हा जिवंत होता. तो गेला नोव्हेंबर १९७२ मध्ये, अल्बम येऊन नऊ महिने झाल्यावर. 'टुनाइट्स द नाइट' मलाही प्रिय आहे, पण तो गेलेल्या मित्रांचा शोक आहे. इथे मित्र डोळ्यांदेखत बुडतोय आणि हे गाणं त्याच्या कानावर जाऊ शकतं. गाणं संपतं, टाळ्या सुरू होतात आणि त्या मध्येच तोडून 'वर्ड्स' सुरू होतं. टाळ्या पुऱ्या ऐकूच देत नाही तो.

माझे साडेचार. अर्धा कापला 'देअर्स अ वर्ल्ड'साठी.

गिरणगाव७१

खपाचा आणि माझ्या कानाचा संबंध जोडू नका. त्याच्याच आधीच्या 'आफ्टर द गोल्ड रश'ला मी त्याच धाग्यावर साडेचार दिलेत, तो काय कुणी विकत घेतला नव्हता?

गाण्यांवर बोलू. 'देअर्स अ वर्ल्ड' तुम्हीच सोडून दिलंत. 'अ मॅन नीड्स अ मेड' त्याचंच भावंड: लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा बार्किंगच्या टाउन हॉलात बसवला, जॅक निचीने वाद्यवृंदाची मांडणी केली आणि एका माणसाच्या कुरकुरीवर घंटा-तंतुवाद्यांचा डोंगर रचला. 'अलाबामा' म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वंशद्वेषावरच्या त्याच्याच जुन्या 'सदर्न मॅन'चाच उपदेश पुन्हा, तोही कमी धारेचा. लीनर्ड स्कीनर्ड या बँडने १९७४ मध्ये गाण्यातूनच त्याला उत्तर दिलं आणि नीलने स्वतः २०१२ च्या आत्मचरित्रात मान्य केलं की ते उत्तर आपल्याला मिळायलाच हवं होतं, आपल्याच गाण्याचे शब्द वरून खाली बघणारे होते. 'आर यू रेडी फॉर द कंट्री' भरताड. दहातली चार गेली. उरलेल्या सहांवर अडीच हे कमी नाहीत.

आणि 'नीडल'. ते उत्तम आहे, कोण नाही म्हणतंय? दोन मिनिटांचं आहे. दोन मिनिटांवर सबंध अल्बम पास करायचा का?

टेपरेकॉर्डर

आधी हे गुण देणं थांबवा. शाळेत आहोत का आपण?

तुम्ही सगळे हा अल्बम फोनवर, गाडी चालवताना, सुटा सुटा ऐकता आणि मग 'सलगता नाही' म्हणता. आमच्या हॉस्टेलला एकाच्या मामाने आणलेल्या तबकडीवरून कॅसेट भरली होती, तीवर कुठलं गाणं कुठे येतं याला अर्थ होता. पहिली बाजू 'आर यू रेडी फॉर द कंट्री'च्या धांगडधिंग्यावर संपते. उठायचं, बाजू उलटायची, आणि मग 'ओल्ड मॅन'ची ती गिटार. मधली शांतता अल्बमचाच भाग आहे. भरताड म्हणताय ते गाणं त्या जागेसाठी आहे. स्ट्रीमिंगवाल्यांना हे कळणार नाही. नील यंगने जानेवारी २०२२ मध्ये स्पॉटिफायवरून गाणी काढली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मार्च २०२४ मध्ये परत आला, तेवढंच वाईट वाटलं.

पेडलस्टील

टेपरेकॉर्डर यांच्याशी बाजू उलटण्याबद्दल सहमत, बाकी सोडा.

मडगावला शनिवार-रविवारी वाजवतो. 'हार्ट ऑफ गोल्ड'ची फर्माईश झाली नाही असा आठवडा जात नाही आणि वाजवणारे सगळे त्याला कंटाळलेत, मी धरून. पण या अल्बमवरची बेन कीथची पेडल स्टील गिटार ऐका. तो सोलो घेतच नाही. 'आउट ऑन द वीकेंड'मध्ये दोन-दोन स्वर लांबून सोडून देतो. गेली काही वर्षं मी ते बसवायचा प्रयत्न करतोय. स्वर बसतात, थांबणं बसत नाही. आणि 'वर्ड्स'ला गुळगुळीत म्हणणाऱ्याने मधल्या भागातली अकराची गिनती एकदा टाळी देऊन मोजावी. माझे पाच.

निशिगंध

ऑर्केस्ट्रा जास्त झाला की कमी यावर इतकं लिहिलंत. 'अ मॅन नीड्स अ मेड'मध्ये तो म्हणतोय काय, यावर एकाही पुरुषाला बोलावंसं वाटलं नाही.

तो म्हणतो, आता कुणावर विश्वास टाकणं कठीण झालंय, तेव्हा कामाला एखादी बाई ठेवावी. घर आवरेल, जेवण करेल आणि निघून जाईल. माझी आई गेली तेव्हा तेराव्याच्या आत नातेवाइकांनी बाबांना दोन सल्ले दिले, एकाच दमात: स्वयंपाकाला बाई बघा, नाहीतर दुसरं लग्न करा. जणू एकाच दुकानातल्या दोन वस्तू. बाबा गप्प बसून ऐकत होते. त्यांना चहा करता येत नव्हता हे खरं, पण त्यांना आई हवी होती. त्यानंतर हे गाणं मी ऐकू शकत नाही. त्यात तेच दोन पर्याय आहेत आणि तो ते खरेच पर्याय असल्यासारखे गातो.

शेवटची_पट्टी

निशिगंध, तुम्ही सांगितलंत ते वाचून गलबललं. पण गाण्याचं बळच तिथे आहे असं मला वाटतं. त्याला बाई नकोय, त्याला जवळ येणाऱ्या माणसाची भीती वाटते आणि त्या भीतीने तो हा खुळचट व्यवहार मनात मांडतो. शेवटाकडे तोच विचारतो, पुन्हा भेटशील कधी? ज्याला नुसतं घर आवरून हवंय तो हे विचारत नाही. गाण्यातला माणूस चुकीचा विचार करतो म्हणून गाणं चुकीचं ठरत नाही.

निशिगंध

मग पुढचंही सांगा की. त्याच गाण्यात तो म्हणतो, सिनेमा बघितला आणि नटीच्या प्रेमात पडलो. नटी खरी होती: कॅरी स्नॉडग्रेस. सिनेमा 'डायरी ऑफ अ मॅड हाउसवाइफ', १९७० चा. नवरा बायकोला मोलकरणीसारखं वागवतो, ती घुसमटते, ही त्याची गोष्ट. तो बघून याला सुचलं काय, तर हे! कॅरीला त्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन होतं. ती नीलबरोबर रँचवर राहायला गेली, १९७२ मध्ये मुलगा झीक झाला, त्याला सेरेब्रल पाल्सी. कामं कुणी सोडली? तिने. पडद्यावर परतली ती १९७८ च्या 'द फ्युरी'त. 'गाण्यातला माणूस' म्हणून सोडून द्यायला तो कागदावर राहिला नव्हता.

टेपरेकॉर्डर

अवांतर होतंय. धागा संगीताचा आहे. कलावंतांची घरं उघडून बघायला लागलात तर ऐकायला काही उरणार नाही.

गिरणगाव७१

अवांतर कसं? मी आतापर्यंत हे लिहिलं नव्हतं, आता लिहितो.

वडील गिरणीत. ब्याऐंशीचा संप झाला आणि त्यानंतर घरात पगार आला नाही. आईने दादर-माटुंग्याला धुणीभांडी धरली. 'घर आवरेल, जेवण करेल आणि निघून जाईल', ती निघून कुठे जाते हे मी पाहिलंय. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत यायची, पदराला हात पुसायची आणि पुन्हा चुलीशी बसायची. हिवाळ्यात तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, त्यात रात्री मेण भरायची. हा अल्बम मला कॉलेजातल्या मित्राने दिला, त्याच्या घरी आई कामाला नव्हती, पण दुसरी कुणीतरी होती. तो डोळे मिटून 'मेड' ऐकायचा. मला ते जमलं नाही. म्हणून कुणी 'गुळगुळीत का म्हणता' विचारलं की मी ऑर्केस्ट्राकडे बोट दाखवतो. ते सोपं पडतं.

शेवटची_पट्टी

तुमच्या आईंबद्दल मला आदर आहे, पण रागावू नका, हे अल्बमचं परीक्षण नाही. असं बघितलं तर प्रत्येकाला आपापलं दुःख घालून कुठल्याही गाण्याला नापास करता येईल. नॅशव्हिलमध्ये निर्माता एलियट मेझरने काय रेकॉर्ड केलं यावर बोलायचं की...

निशिगंध

तुम्ही स्वतः नीलच्या पाठदुखीवरून अर्धा गुण मिळवलात. त्याचा मणका चालतो आणि यांच्या आईची बोटं चालत नाहीत? शरीराचा आवाज ऐकायचा तर सगळ्यांचा ऐका.

विनिपेगकर

भांडण वाढायच्या आत थोडं बोलू द्या, कारण मी राहतो त्या गावात हा माणूस वाढला. आईवडील वेगळे झाले, आई त्याला घेऊन टोरांटोहून विनिपेगला आली. केल्व्हिन हायस्कूल अजून आहे. वडील मागे राहिले. घर एकट्या बाईने चालवताना त्याने बघितलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवा. त्याने गाणं बरं होत नाही, हेही मला माहीत आहे.

पण ऑर्केस्ट्रामुळे हे गाणं चुकीचं ऐकलं जातंय असं माझं ठाम मत आहे. टोरांटोच्या मॅसी हॉलमधली जानेवारी १९७१ ची मैफल २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात नील एकटा पियानोवर बसून 'मेड' गातो आणि त्यातूनच 'हार्ट ऑफ गोल्ड'मध्ये जातो. दोन्ही मिळून एकच गाणं होतं तेव्हा. आधी बाई ठेवायची भाषा, आणि लगेच सोन्यासारख्या मनाचा शोध. अल्बमवर ती सलग आली खरी, पण मध्ये लंडनचा ऑर्केस्ट्रा उभा राहिला आणि दुवा तुटला. गिरणगाव, तेवढं ऐका आणि मग हवं ते म्हणा.

पेडलस्टील

मॅसी हॉलसाठी +१. तो पियानो काही सफाईदार नाही, पण गाणं उघडं पडतं.

गिरणगाव७१

ऐकलं. दोनदा.

पियानोवर तो माणूस घाबरलेला वाटतो. ऑर्केस्ट्रासोबत तोच मालक वाटतो. शब्द जवळपास तेच, पण मागे एवढी फौज उभी केली की विनवणीचा हुकूम होतो. म्हणजे माझी तक्रार ऑर्केस्ट्राचीच होती असं विनिपेगकर म्हणतील. असेल थोडी. आईची बाजू त्याने मिटत नाही. 'हार्वेस्ट'ला तीन करतो, ते मॅसी हॉलच्या पुण्याईवर. त्याहून वर जाणार नाही.

निशिगंध

मीही ऐकलं. घाबरलेला आहे हे मान्य. घाबरलेल्या माणसाच्या घरी कॅरीने संसार केला हेही तितकंच खरं आहे. मी गुण देत नाही.

शेवटची_पट्टी

'मालक वाटतो' हे वाचल्यापासून अल्बमवरचं 'मेड' पुन्हा लावून बघतोय. पूर्ण पटत नाही, पण घंटा वाजायला लागल्या की तुमचा शब्द आठवतो आणि तो खोडता येत नाही. सव्वाचार. पाठदुखीचा मुद्दा मात्र मागे घेत नाही, आणि बट्रीचा उजवा हात तर अजिबात नाही.

गिरणगाव७१

'अलाबामा'वर तुम्ही अजून एक ओळही लिहिलेली नाही. त्याचं उत्तर हवंय.