अठराच्या आतल्यांचा बीएमआय वेगळा वाचतात

तेरा वर्षांच्या मुलीचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती तो आकडा, १८.२ आला, ॲपने 'अंडरवेट' म्हटलं, म्हणून तुम्ही प्रोटीन पावडर विचारताय. जरा थांबा! ते ॲप मोठ्यांचं आहे. १८.५ ते २५ ही 'नॉर्मल'ची पट्टी प्रौढांची.

गणित तेच: ४२ किलो भागिले १.५२ मीटरचा वर्ग, म्हणजे १८.२. पण वाढीच्या वयात हा आकडा वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यावर मांडायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात तेरा वर्षांच्या मुलींचा मधला आकडा १८.८ च्या आसपास आहे. म्हणजे तुमची लेक जवळजवळ मधोमधच. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, आयएपीचे, २०१५ चे तक्ते वापरतात. त्यात आशियाई प्रौढांच्या २३ आणि २७ शी जुळणाऱ्या रेघा आहेत, अतिवजन आणि लठ्ठपणासाठी.

एका आकड्यापेक्षा दर सहा महिन्यांनी ठिपका मांडून रेघ कुठे चाललीय ते बघा. उंची मात्र चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून मोजा. आमच्याकडे अंबाड्यासकट मोजली होती, तीन सेंटीमीटर फुकटचे! पाळी सुरू झालीय का, हेही डॉक्टरांना सांगा.

आणि हो, तिच्यासमोर 'काडी' वगैरे म्हणू नका.