पोलंडची जुनी चित्रं: देव आणि देश एकत्र बघायचे तर कुठे जावं? (सल्ला हवा)

रेघोटी
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आई आणि मी पोलंडला जातोय. वॉर्सा आणि क्राकोव मिळून चार दिवस आहेत. आई तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली. तिला एकच गोष्ट नीट बघायची आहे: १७९५ ते १९१८ देश नकाशावरच नव्हता, तेव्हा पोलिश चित्रकारांनी देवाधर्माच्या खुणांमधून देशाबद्दल कसं सांगितलं. तिचे गुडघे दुखतात, म्हणून दिवसाला एकच मोठी जागा. तिकिटांना दोघींचे मिळून ३०० झ्लॉटी आणि घरी आणायला एखादी आठवण, १०० झ्लॉटीपर्यंत. काय बघू, काय आणू?

वॉर्सा_वाटसरू
सहा वर्षं इथे राहतोय, म्हणून ठामपणे सांगतो: वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं पोलिश चित्रकार मातेय्कोचं ‘ग्रुन्वाल्डची लढाई’, १८७८. सव्वाचार मीटर उंच, जवळजवळ दहा मीटर रुंद. पहिल्यांदा नजर गर्दीतच अडकते. मधोमध लाल कपड्यांतला, पोलंडच्या बाजूने लढणारा लिथुआनियाचा शासक विटाउटस, त्याच्या बाजूला शत्रूचा, म्हणजे ट्युटॉनिक सरदारांचा (जर्मन धर्मयोद्ध्यांचा) प्रमुख कोसळतोय. पण आईंना वर आकाशात बघायला सांगा. तिथे संत स्टानिस्लाव आहेत. १०७९ मध्ये राजाने या बिशपना मारलं, देहाचे तुकडे केले आणि ते तुकडे पुन्हा सांधले गेले, अशी आख्यायिका आहे. लढाई १४१० ची, पण चित्र काढलं तेव्हा देशाचे तुकडे रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाकडे होते. आकाशात नेमका हाच संत का, हे तेव्हाच्या पोलिश माणसाला समजावून सांगावं लागत नव्हतं. सोमवारी बंद. मंगळवारी स्थायी दालनं फुकट असतात, तरी निघण्याआधी खात्री करा.

ट्रामवाला
+१ ग्रुन्वाल्ड. आणि क्राकोवला चार्तोरिस्की संग्रहालयात लिओनार्दोचं एर्मिन (मुंगसासारखा छोटा प्राणी) हातात घेतलेल्या तरुणीचं चित्र आहे, ते सोडू नका. आम्ही आयत्या वेळी गेलो, तिकिटं संपली होती. दोन तास पावसात उभं राहिलो. आधीच काढून ठेवा.

रेघोटी
धन्यवाद. पण लिओनार्दो इटलीचा. आईचा प्रश्न पोलिश चित्रकारांचा आहे.

ट्रामवाला
मान्य. तरी एवढ्या लांब जाऊन ते न बघता परतायचं, हे मला पटत नाही. मी दोनदा पाहिलंय.

जुनीपेटी
आठवण आणायची तर रिंग्राफ. चिलखताच्या गळ्याजवळच्या पट्टीतून आलेली छोटी धातूची ढाल, तिच्यावर माता मरिया आणि बऱ्याचदा पांढरा गरुड. १७६८ मध्ये बार नावाच्या गावी रशियाविरुद्ध जी सरदारांची फळी उभी राहिली, ती माणसं हे छातीवर घालून लढायची. देव आणि देश एकाच पत्र्यावर, तुम्हाला हवं तेच. मी एका रविवारच्या जुन्या बाजारात ९०० झ्लॉटी देऊन घेतला. विकणाऱ्याने अठराव्या शतकातला म्हणून सांगितलं. घरी आल्यावर ओळखीच्या सोनाराला दाखवला, तर तो म्हणाला, हे अलीकडचं ओतकाम आहे, काळेपणा मुद्दाम आणलेला आहे. अजून राग जात नाही. घेताना मागची बाजू बघा, कडा बघा. खराच जुना निघाला तर देशाबाहेर न्यायला वयानुसार आणि किमतीनुसार परवाना लागू शकतो. १०० झ्लॉटीत काही होणार नाही, बजेट वाढवा.

कृष्णाकाठ
मी कोल्हापूरची. आमच्याजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं. त्यातल्या एका बाईंनी जाताना माझ्या आजीला चेन्स्तोहोवाच्या मातेचं, म्हणजे मरियेचं, छापील चित्र दिलं. अजून देव्हाऱ्याशेजारी आहे. सावळा चेहरा, गालावर दोन वण. आजी म्हणायची, या माउलीला कुणी गं मारलं? ते वार स्वीडिश सैनिकांचे. मूळ चित्र चेन्स्तोहोवा शहरातल्या यास्ना गुराच्या मठात आहे. बाकी काही नाही बघितलं तरी चालेल, तिथे जा.

सरळसोट
छोटी दुरुस्ती. वण १४३० च्या लुटीतले आहेत. स्वीडिश वेढा १६५५ चा, आणि तेव्हा मठ पडला नाही. पुढच्याच वर्षी राजा यान काझिमिएश याने ल्वूव इथे शपथ घेऊन मरियेला पोलंडची राणी मानलं. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या चित्रात तिची प्रतिमा दिसली की ती फक्त भक्ती नसते. राजा नाही, सरकार नाही, पण राणी अजून गादीवर आहे, असं ते सांगणं असतं.

कृष्णाकाठ
बरं झालं सांगितलंत. आमच्या घरी ऐंशी वर्षं स्वीडिश सैनिकच चाललेत.

वॉर्सा_वाटसरू
मग त्याच संग्रहालयातला ‘स्टान्चिक’ही (१८६२) बघा. राजाचा विदूषक खुर्चीत सुन्न बसलाय, मागे दरबारात मेजवानी चाललीय, टेबलावर स्मोलेन्स्क शहर हातचं गेल्याचं पत्र.

सरळसोट
उत्तम चित्र, पण ते निव्वळ राजकीय आहे. धागा धर्माच्या खुणांचा आहे.

वॉर्सा_वाटसरू
छातीकडे बघा. लाल पोशाखावर चेन्स्तोहोवाच्या मातेचं पदक आहे. खिडकीबाहेर धूमकेतू आहे. अख्ख्या महालात ज्याला देशाची काळजी आहे, त्याच एकाच्या छातीवर ती राणी. याहून धार्मिक काय हवं?

सरळसोट
पदक विसरलो होतो. माघार.

शिसपेन्सिल
वरचं सगळं ठीक, पण सगळे मोठ्या आणि रंगीत चित्रांमागे लागलेत. आई चित्रकलेच्या शिक्षिका आहेत, त्यांना आर्तुर ग्रॉटगर दाखवा. १८६३ च्या रशियाविरुद्धच्या उठावावर त्याने काळ्या-पांढऱ्या खडूने चित्रमालिका केल्या. त्यातली ‘लिथुआनिया’ क्राकोवच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. कागदावरची कामं उजेडाने खराब होतात, म्हणून कायम टांगलेली नसतात. आधी मेल करून विचारा.

आणि मातेय्कोचं खरं दुःख ग्रुन्वाल्डमध्ये नाही, ‘पोलोनिया, १८६३’ मध्ये आहे. क्राकोवला, चार्तोरिस्कीकडेच (ट्रामवाला, तुमचं लिओनार्दोही तिथेच होईल). काळ्या कपड्यांतली एक बाई आणि तिच्या हातात बेड्या ठोकणारा लोहार. बाई म्हणजे पोलंड. काळे कपडे का, ते आधी माहीत हवं. १८६१ मध्ये वॉर्सात निदर्शकांवर गोळीबार झाला, त्यानंतर बायकांनी रंगीत कपडे आणि सोनं उतरवून ठेवलं. काळे पोशाख, गळ्यात काळा क्रूस, काट्यांचा मुकुट कोरलेली पदकं, साखळीसारखी कंकणं. रशियन अंमलदारांनी या सुतकावरच बंदी घातली. मित्स्किएविच या कवीने तीस वर्षं आधी मांडलं होतं की पोलंड हा राष्ट्रांमधला ख्रिस्त आहे, सुळावर गेला, पण उठणार. लोहाराचा हातोडा बघताना मला क्रुसावरचे खिळेच आठवले. मातेय्कोने ते चित्र पूर्ण केलं नाही. मी तिथून लवकर हलू शकले नाही.

ट्रामवाला
व्रोत्सवाफचं रात्सवावित्सेचं पॅनोरामा कुणीच कसं सांगितलं नाही? ११४ मीटर लांब, गोल इमारतीत, तुम्ही मधोमध उभे. सेनापती कोश्चुश्को आणि लांब दांड्यांचे विळे घेतलेले शेतकरी, १७९४ ची लढाई. एक दिवस काढाच.

रेघोटी
व्रोत्सवाफ आमच्या मार्गावर नाही हो.

ट्रामवाला
गाडीने जाता येतं.

जुनीपेटी
क्राकोवच्या सेंट मेरी चर्चमधली शिल्पकार व्हाइट श्टॉसची लाकडी वेदीही (१४७७ ते १४८९) बघा. तिची दारं उघडतात ती वेळ गाठा, आणि आईंसाठी आधी बाक पकडा. भिंतींवरची नक्षी मातेय्कोच्या देखरेखीखाली रंगवलेली आहे, आणि मदतीला तेव्हाचे तरुण चित्रकार व्हिस्पियान्स्की आणि मेहोफर होते. आणि रिंग्राफचा विचार सोडू नका, फक्त खात्रीच्या दुकानातून घ्या.

रेघोटी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. आमचं ठरलं. वॉर्सा रद्द. दहा मीटरच्या चित्रासमोर मान वर करून उभं राहणं तिला झेपणार नाही, आणि घाईत बघायचं नाही म्हणते. चारही दिवस क्राकोव, त्यातला एक चेन्स्तोहोवा. ‘पोलोनिया’ भिंतीवर आहे का, ते विचारायला मेल केलाय. विकत काहीच आणणार नाही. आई स्केचबुक नेतेय, बेड्या घातलेले ते हात तिला स्वतः काढायचे आहेत. कोळसा चालेल का आत?

वॉर्सा_वाटसरू
ग्रुन्वाल्ड सोडताय याचं वाईट वाटतंय. स्टान्चिकसाठी तरी यायला हवं होतं, त्याच्यासमोर मान वर करावी लागत नाही.

शिसपेन्सिल
कोळसा नेऊ नका, पावडर पडते. मी छोटी वही आणि शिसपेन्सिल नेली होती, कुणी अडवलं नाही. मोठी बॅग बाहेर ठेवावी लागते. घडीची खुर्ची देतात का, तेही त्याच मेलमध्ये विचारा.

कृष्णाकाठ
आजीच्या चित्रामागे शाईने पोलिशमध्ये दोन ओळी लिहिलेल्या आहेत, आम्हाला कधीच वाचता आल्या नाहीत. तुम्हाला खाजगी निरोपातून फोटो पाठवते. यास्ना गुराला कुणी वाचून दिल्या तर कळवाल का?