मदत हवी आहे: हळदीची आवक वाढली की भावही वाढतो?

नमस्कार. मी सांगलीत अर्थशास्त्रात एम. ए. करत आहे. पाठ्यपुस्तकातील तयार उदाहरणांऐवजी आपल्याच बाजारावर अर्थमिती शिकावी, या हेतूने सांगली बाजार समितीतील हळदीची रोजची आवक आणि सर्वसाधारण दर ॲगमार्कनेट या शेतमालाच्या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावरून घेतले आणि ग्रेटल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींच्या लॉगरिदमवर साधे रिग्रेशन केले.

आवक वाढली की भाव उतरतो, हे सौद्याला उभा राहणारा कोणीही सांगेल. माझा सहगुणक (आवकेबरोबर भाव किती बदलतो, ते सांगणारा आकडा) मात्र धन आला, म्हणजे आवक वाढली की भावही वाढतो. महिन्यांचे डमी (हंगामाचा परिणाम वेगळा काढण्यासाठी प्रत्येक महिन्याचे 0 किंवा 1 असे चल) घातल्यावर तो लहान झाला, पण चिन्ह बदलले नाही. माझ्या मते गोम आकडेमोडीत नसून मांडणीत आहे. वाळवलेली हळद टिकते (सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे, म्हणजे जमिनीखालची कोठारे, त्यासाठीच होती), त्यामुळे भाव चढू लागला की साठवलेला माल बाहेर येतो. म्हणजे आवक जशी भाव ठरवते, तसा भावही आवक ठरवतो. मग हा सहगुणक ना निव्वळ मागणीचा, ना निव्वळ पुरवठ्याचा.

यावर अर्थतज्ज्ञ फिलिप राइट यांनी 1928 मध्ये सुचवलेला मार्ग असा, की केवळ पुरवठा हलवणारा, मागणीशी संबंध नसलेला घटक साधनचल म्हणून घ्यावा. हळदीची लागण मे-जूनच्या सुमारास आणि काढणी जानेवारीनंतर होत असल्याने आदल्या पावसाळ्याचा पाऊस मला सुचतो. पण तो वर्षाला एकच आकडा. त्यावरून रोजच्या आवकेतील चढउतार कसे कळणार? शिवाय पावसाने मालाची प्रतही बदलते, आणि प्रतीबरोबर मागणीही हलत असल्यास साधनचलाची मूळ अटच मोडते. सांगलीत परराज्यातीलही हळद येते, तेव्हा पाऊस नेमका कुठला घ्यायचा, हेही ठरत नाही.

दुसरी अडचण कालश्रेणीची आहे. लागोपाठच्या दिवसांच्या त्रुटी एकमेकींशी निगडित आहेत का, हे दाखवणारा डर्बिन-वॉटसनचा आकडा 2 पासून (म्हणजे संबंध नसण्यापासून) फार दूर, शून्याकडे झुकलेला आहे. अशा वेळी न्यूई-वेस्ट प्रमाणदोष (असा संबंध जमेस धरून काढलेले) वापरणे पुरेसे आहे, की भाव स्थिर श्रेणी नसल्याचे, म्हणजे त्याची सरासरी व चढउतार काळानुसार बदलत असल्याचे, गृहीत धरून आधी प्रथम फरक (आजच्या आकड्यातून कालचा वजा करून) घ्यावेत?

तेलंगणातील निजामाबादच्या हळद बाजाराचा भाव नियंत्रणचल म्हणून घालण्याचा सल्ला एका मित्राने दिला, पण तोही त्याच धक्क्यांनी हलतो, असे मला वाटते. शेतमालाच्या किमतींवर काम केलेल्या जाणकारांनी, रोजच्या आकड्यांवर टिकेल असे एखादे साधनचल सुचवावे. तसे नसेल, तर मासिक सरासरीवर यावे का, हे कृपया सांगावे.