गप्पीची पिल्लं खाणारी ही अळी कसली? मदत हवी आहे

मंडळी, पाण्यातल्या किड्यांची माहिती असणाऱ्यांनी कृपया लवकर सांगा.

घरी गोड्या पाण्याची दोन फुटी टाकी आहे. त्यात गप्पी आणि चेरी श्रिंप. दिवाळीत माहेरी चिपळूणला गेले होते, तिथल्या तळ्यातून हायड्रिला ही पाणवनस्पती आणली, तीन पाण्यांनी धुतली आणि टाकीत सोडली. दोन महिने काही त्रास नव्हता. गेल्या शनिवारी गप्पीला पिल्लं झाली. मोठे मासे खातात म्हणून लगेच ब्रीडिंग बॉक्समध्ये वेगळी काढली, मोजून 19. आडोशाला हायड्रिलाच्या चार काड्याही टाकल्या. मंगळवारी 17 होती, आज 14. मेलेलं एकही दिसलं नाही, बॉक्सला फटही नाही.

काल रात्री दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च मारला, तेव्हा दिसली. काडीला चिकटलेली, काडीच्याच रंगाची, दीडेक सेंटिमीटर. सहा बारीक पाय, रुंद डोकं, दोन्ही बाजूंना फुगीर डोळे. शेपटीला तीन पानं, इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. एक पिल्लू तिच्यासमोरून गेलं आणि तिच्या हनुवटीखालून काहीतरी झटकन पुढे येऊन मिटलं. पिल्लू तिच्या तोंडात होतं. मला फार वाईट वाटलं.

डासाची अळी नक्की नाही. ती श्वास घ्यायला वर येऊन पाण्याला उलटी लटकते, ही खालीच असते. माशांना घालतो त्या लाल ब्लडवर्मला असे पाय नसतात. मग ही कोण? टाकीत आणखी असतील तर कशा शोधू? दुकानदार किडे मारायचं औषध टाका म्हणतात, ते श्रिंपना चालेल का? आणि हिला न मारता काही करता येईल का?

प्रतिसाद

ताई, औषध अजिबात टाकू नका. किड्यांना मारणारं औषध बहुतेक वेळा श्रिंपनाही मारतं.

ही टाचणीची अळी. टाचणी म्हणजे चतुराची नाजूक बहीण, बहुतेक टाचण्या बसताना पंख पाठीवर मिटतात. शेपटीची तीन पानं म्हणजे तिचे कल्ले. चतुराची अळी असती तर जाडजूड दिसली असती आणि ही पानं नसती. हनुवटीखालून आलं तो तिचा खालचा ओठ, घडी घालून ठेवलेला असतो आणि भक्ष्य दिसलं की सुटतो. टाचणीची मादी पाणवनस्पतीच्या काडीला चीर पाडून आत अंडी घालते, म्हणून कितीही धुतलं तरी ती निघत नाहीत. तुमचं काही चुकलं नाही.

बॉक्समधल्या काड्या आधी बाहेर काढा. टाकीत रोज रात्री टॉर्च मारून एकेक अळी छोट्या जाळीने उचला. पाळायची असेल तर प्रत्येकीला वेगळी बरणी द्या, एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. खायला डासांच्या अळ्या चालतात. पाण्याच्या वर येईल अशी काडी हवीच, कारण टाचणी कोश करत नाही, अळीच काडीवर चढून कात टाकते आणि पंख घेऊन बाहेर पडते. तोंडाला जाळीचं कापड बांधा.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. बॉक्समध्ये एक आणि टाकीत दोन सापडल्या. तीन बरण्या बाल्कनीत सावलीला ठेवल्यात, प्रत्येकीत खराट्याचा एकेक हीर उभा केलाय. पिल्लं आज 14च आहेत. एका अळीच्या पाठीवर दोन गडद टोकं दिसतात, पंखांची पिशवी असावी का? तसं असेल तर बाहेर यायला साधारण किती दिवस लागतील?